बालवाडीची दिनचर्या आणि मुलांची तरबियत

मुलाला घडविण्याचे वय कोणते? हा प्रश्न नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या पालकाला विचारला, तर त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा दहावी-बारावीचे वर्ष उभे राहते. यात नवल नाही. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी दूरदूरच्या तालुक्यांतून विद्यार्थी या दोन्ही शहरांत येऊन राहतात. मुलगा किंवा मुलगी सोळा वर्षांची झाली की आईवडील पोटाला चिमटा घेऊन शिकवणीची फी भरतात. कोणता वर्ग चांगला, कोणते शिक्षक नावाजलेले, याची दहा ठिकाणी चौकशी करतात. मात्र तेच मूल तीन वर्षांचे असताना सकाळचे चार तास कोठे होते, कोणाच्या सहवासात होते, त्याने काय पाहिले आणि काय ऐकले, याची चौकशी फार थोड्या घरांतून होते.

इस्लामने मात्र ही जबाबदारी वयाच्या सोळाव्या वर्षापासून सुरू केलेली नाही. दिव्य कुरआनच्या ‘सूरह तहरीम’मध्ये श्रद्धावंतांना स्वतःबरोबरच आपल्या कुटुंबीयांनाही नरकाग्नीपासून वाचविण्याची आज्ञा आहे. प्रत्येक माणूस हा राखणदार आहे आणि त्याच्या राखणीत असलेल्यांविषयी त्याला जाब विचारला जाईल, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे. राखणदाराचे काम कळप रानात गेल्यावर सुरू होत नाही. गोठ्याचे दार उघडण्यापूर्वीच ते सुरू झालेले असते.

या लेखात आपण तीन ते सहा या वयातील मुलांच्या दिवसाचा विचार करणार आहोत. मूल अंगणवाडीत जात असो, खाजगी बालवाडीत जात असो किंवा आई कामावर जात असल्याने पाळणाघरात राहत असो, एक गोष्ट सर्वत्र सारखीच आहे. या वयात दिवसाचा क्रम हाच मुलाचा धडा असतो. येणे, हात धुणे, गाणे, खेळणे, जेवणे, आवरणे, झोपणे हे सारे त्याचे विषय आहेत. मोठ्यांचे वागणे हे त्याचे पाठ्यपुस्तक आहे.

महाराष्ट्रात बालवाडीचा पाया

खेड्यापाड्यांतील मुलांची बालवाडी कशी असावी, याचा पाठ महाराष्ट्राला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घालून दिला. 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे हे कार्य सुरू झाले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते बहरले. तेथील अनुभव आपणही समजून घ्यावा असा आहे. गरीब वस्तीतील मुले बालवाडीकडे येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून शिंपले, खडे, पाने, बिया यांतून मोजणे आणि रंग ओळखणे शिकविले. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठ्या मुली शाळेत येत नव्हत्या. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच ठिकाणी आणल्या आणि त्या रचनेला ‘विकासवाडी’ हे नाव दिले.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्यातून अंगणवाडी गावोगावी पोहोचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्याकडे पाठवणी, मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अनौपचारिक पूर्व-प्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा तिच्यात आहेत. आपल्या अनेक घरांत मात्र अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि लसीची सुई, एवढीच ओळख राहिली आहे. सहापैकी शिक्षणाच्या सेवेविषयी आपण विचारीतच नाही. 2002 च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या कलम 45 मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या संगोपनासाठी व शिक्षणासाठी राज्याने झटावे, असे नमूद केले आहे. ‘सर्व बालकांच्या’ या शब्दांत आपल्या मोहल्ल्यातील बालकेही आली.

आता बालवाडीच्या दिवसातील एकेक घडी क्रमाने पाहू आणि प्रेषितांच्या (स.) आचरणातून त्या घडीविषयी काय शिकता येते, याचा शोध घेऊ.

पहिली घडी : निरोप

दिवसाचा पहिला धडा बालवाडीच्या उंबरठ्यावर, आई देते. मूल रडते, पदर सोडत नाही. मग ‘मी इथेच बाहेर उभी आहे’ किंवा ‘आत्ता चॉकलेट घेऊन येते’ असे सांगून आई निघून जाते. मूल दाराकडे पाहत राहते. मुलाची समजूत घालण्याचा हा सोपा मार्ग वाटतो. परंतु अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात ह. अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) यांच्या बालपणीची एक घटना आहे. त्यांच्या आईने काहीतरी देण्याचे सांगून त्यांना जवळ बोलाविले. प्रेषितांनी (स.) विचारले की, त्याला काय देण्याचा विचार होता? खजूर, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी सांगितले की, काहीच दिले नसते तर तिच्या नावे एक असत्य लिहिले गेले असते.

म्हणून निरोप सत्याने घ्यावा. ‘अम्मी कामाला जाते आहे; तुझे जेवण झाले, खेळ झाला की घ्यायला येईन’ असे सांगावे, सलाम करावा आणि निघावे. मुलाला घड्याळ कळत नाही, पण क्रम कळतो. जेवणानंतर आई येते, हे चार दिवस खरे ठरले की पाचव्या दिवशी रडणे ओसरू लागते. ज्याला रोज फसविले जाते, ते मूल मात्र दारावरून नजर काढीत नाही आणि खेळातही रमत नाही.

दुसरी घडी : स्वच्छता आणि पाणी

चांगल्या बालवाडीत आल्यावर, शौचानंतर आणि जेवणापूर्वी हात धुण्याचा नियम असतो. मुलांना रांगेत उभे करून ताई एकेकाच्या हातावर पाणी घालतात. बाह्या वर करणे, बोटांच्या बेचक्यांत साबण लावणे, नळ बंद करणे ही कामे तीन वर्षांचे मूल आनंदाने शिकते. ज्या धर्मात स्वच्छतेशिवाय नमाज होत नाही, त्या धर्माच्या घरात हा धडा नवा वाटू नये. वुजूची पहिली ओळख अशीच, मोठ्यांना पाहत पाहत होते.

आपल्या भागात या धड्याला आणखी एक अर्थ आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी जन्मलेली मुले आज शाळेत आहेत. पाण्याचे मोल त्यांना पुस्तकातून शिकविण्यापेक्षा तांब्याने शिकविता येते. प्रेषित (स.) एका ‘मुद्द’ पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. हे माप सुमारे पाऊण लिटरच्या आसपास, म्हणजे एका लहान तांब्याएवढे होते. घरी मुलासमोर एक तांब्या भरून ठेवावा आणि एवढ्यात आपले हातपाय कसे धुऊन होतात, ते त्याला दाखवावे. पाण्याची उधळपट्टी करू नये, हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.

तिसरी घडी : गप्पा, गाणी आणि भाषा

मुले गोल करून बसतात. आज कोण आले, कोण आले नाही, बाहेर ऊन आहे की आभाळ, काल घरी काय झाले, अशा गप्पा होतात. मग हातवारे करीत बडबडगीते आणि एखादी गोष्ट. पालकांना वाटते, यात शिकणे कोठे आहे? यात शब्दसंग्रह आहे, ऐकण्याचा संयम आहे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे आहे.

ह. अनस (रजि.) यांचा अबू उमैर नावाचा एक धाकटा भाऊ होता. दूध सुटलेले, म्हणजे जवळजवळ बालवाडीच्याच वयाचे ते बाळ. त्याच्याकडे नुगैर जातीचा एक छोटा पक्षी होता, तो मेला. प्रेषित (स.) त्या घरी गेले, तेव्हा त्यांनी त्या बाळाला मोठ्या माणसाप्रमाणे ‘अबू’ या मानाच्या संबोधनाने हाक मारली आणि नुगैरचे काय झाले, अशी चौकशी केली. उमैर आणि नुगैर यांचे यमक जुळते, हे ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच जाणवते. एका वाक्यात मुलाचा मान, त्याच्या दुःखाची दखल आणि कानाला गोड लागणारी भाषा, हे सारे आले. मुलांशी कसे बोलावे, याचा याहून सुंदर धडा कोणता?

येथे भाषेचा प्रश्न येतो. मराठवाड्यातील बहुतेक मुस्लिम घरांत दखनी उर्दू बोलली जाते आणि अंगणवाडीत मराठी. पहिले काही दिवस मूल गप्प बसते. ताई त्याला ‘बोलत नाही’ म्हणतात आणि घरचे लोक ‘तेथे काही शिकवीत नाहीत’ म्हणतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. या वयातील मूल दोन भाषा सहज उचलते. मात्र घरची भाषा कोणी तुच्छ लेखली, तर ते मिटून जाते. पाणी, भूक, शौच, दुखणे यांसाठी आपले मूल घरी कोणते शब्द वापरते, ते पहिल्याच दिवशी ताईंना सांगावे. घरी आल्यावर बालवाडीतील मराठी गाणे त्याच्याकडून कौतुकाने ऐकावे आणि दादी-नानींनी आपल्या गोष्टी आपल्या बोलीत सांगत राहाव्यात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही आरंभीच्या वर्षांत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकविण्यावर भर दिला आहे.

चौथी घडी : खेळ आणि हातांचे काम

सर्वांत मोठा गैरसमज या घडीविषयी आहे. ‘अजून अ-आ लिहीत नाही, नुसता खेळतो’ ही तक्रार घेऊन पालक बालवाडी बदलतात आणि जेथे तीन वर्षांच्या मुलाला पाटी गिरवायला लावतात, तेथे अधिक फी भरून नाव घालतात. पेन्सिल धरायला बोटांत बळ आणि नेमकेपणा लागतो. तो येतो काळी माती मळल्याने, चिंचोके वेचल्याने, मणी ओवल्याने, कागद फाडून चिकटविल्याने. तूर, मूग आणि हरभरा एकत्र करून निवडायला दिले की वर्गीकरण शिकविले जाते. पाच वाट्यांत पाच-पाच चिंचोके ठेवले की गणिताची सुरुवात होते. (तीन वर्षांखालील मुलांच्या हाती असे बारीक दाणे देऊ नयेत, ते नाकातोंडात जाण्याचा धोका असतो.) याच वर्षांत मेंदूची सर्वाधिक वाढ होते. सहाव्या वर्षापूर्वी मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास झालेला असतो, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. म्हणूनच हे वय मौल्यवान आहे. गिरविण्याच्या कंटाळ्यात ते घालवू नये.

दीनच्या शिक्षणातही हीच पायरी लक्षात घ्यावी. मुलांना नमाजची आज्ञा सातव्या वर्षी द्यावी, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्यापूर्वीची वर्षे पाहण्याची, अनुकरणाची आणि आवड निर्माण होण्याची आहेत. आपली नात उमामा (रजि.) हिला खांद्यावर घेऊन प्रेषितांनी (स.) नमाज पढविली, रुकूअ-सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवीत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. तिला कोणी नमाज शिकविली नाही, पण नमाजच्या इतके जवळ कोण होते? चार वर्षांचे मूल मुसल्ल्यावर आपल्याशेजारी येऊन वाकते, तेव्हा त्याला हटकू नये आणि चुकले म्हणून दटावूही नये. ज्या पालकांना आपले मूल कायदा लवकर वाचायला लागावे असे वाटते, त्यांनी रोज दहा मिनिटे त्याला मांडीवर बसवून सुरेल पठण ऐकवावे. कानातून आलेले अक्षर पुढे डोळ्यांना लवकर ओळखू येते.

पाचवी घडी : जेवण

अंगणवाडीतील गरम आहार हा केवळ पोटाचा कार्यक्रम नाही. शासनाच्या निकषाप्रमाणे तीन ते सहा वयाच्या मुलाला पूरक आहारातून दररोज ठराविक प्रमाणात ऊर्जा आणि प्रथिने मिळावयाची असतात. आणि त्याबरोबरच पंगतीची शिस्तही मिळते.

ह. उमर बिन अबी सलमा (रजि.) हे प्रेषितांच्या (स.) घरी वाढत होते. जेवताना त्यांचा हात ताटात सर्वत्र फिरे. प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहचे नाव घेण्यास, उजव्या हाताने आणि आपल्या पुढ्यातील घास घेण्यास सांगितले. पुढे आयुष्यभर आपली खाण्याची रीत तीच राहिली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. येथे तीन गोष्टी पाहाव्यात. शिकवण जेवतानाच दिली गेली, नंतर व्याख्यान झाले नाही. सूचना तीनच होत्या आणि त्या लहान होत्या. शिकविणारा त्याच ताटात जेवत होता. आपल्या घरी मूल मोबाईल पाहत जेवते आणि आपण उभ्याने त्याच्या तोंडात घास कोंबतो. असे असेल तर बालवाडीतील पंगतीचा धडा घरी पोहोचताच पुसला जातो.

आहारात काय चालते व काय चालत नाही, याविषयी काही शंका असेल तर ती ताईंना सौजन्याने आणि स्पष्टपणे विचारावी. मनात शंका ठेवून मुलाला उपाशी परत आणणे किंवा घरीच ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे.

सहावी घडी : आवराआवर आणि विश्रांती

खेळ संपला की खेळणी जागेवर ठेवायची, चपला जोडीने लावायच्या, सांडलेले पुसायचे. हे काम मुलगे आणि मुली दोघांकडूनही करून घ्यावे. प्रेषित (स.) घरकामात हातभार लावीत, हे ह. आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे, मग आपल्या मुलाने ताट उचलण्यात कमीपणा कसला?

पाळणाघरात राहणाऱ्या मुलांसाठी दुपारची झोप आवश्यक आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर ती औषधासारखी आहे. कुरआनच्या ‘सूरह नूर’मध्ये दिवसाच्या तीन वेळा सांगितल्या आहेत: फज्रच्या नमाजपूर्वी, दुपारी विश्रांतीसाठी वस्त्रे उतरविली जातात ती वेळ आणि इशाच्या नमाजनंतर. या वेळी वयात न आलेल्या मुलांनीही परवानगी घेऊनच आत यावे, अशी आज्ञा आहे. या आज्ञेत एका घराची पूर्ण दिनचर्या दिसते. रात्रीची विश्रांती, दुपारची विश्रांती आणि त्या विश्रांतीचा मान राखणारे मूल. दार वाजविणे, सलाम करणे, उत्तराची वाट पाहणे हा शिष्टाचार बालवाडीच्या खेळातून सहज शिकविता येतो. मात्र ज्या घरी रात्री बारापर्यंत टी.व्ही. चालू असतो, त्या घरचे मूल सकाळी बालवाडीत पेंगते. त्याचा दोष ताईंवर कसा ठेवावा?

सांभाळणाऱ्या व्यक्तीचा हक्क

काही घरांत आईने मूल दुसऱ्याकडे सोपविणे हाच अपराध मानला जातो. प्रेषितांचे (स.) स्वतःचे बालपण काही वर्षे बनू साद कबिल्यातील हलिमा यांच्या घरी गेले, हे आपण विसरू नये. ‘सूरह बकरह’मध्ये माता-पित्यांना दुसऱ्या स्त्रीकडून बाळाला दूध पाजविण्याची मुभा आहे, परंतु तिला जे द्यावयाचे ते रीतीप्रमाणे द्यावे, ही अटही त्याच आयतीत आहे. म्हणजे मूल सोपविणे निषिद्ध नाही. सोपवून सांभाळणाऱ्या व्यक्तीचा हक्क बुडविणे मात्र निषिद्ध आहे.

या कसोटीवर आपण स्वतःला तपासावे. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. डिसेंबर 2023 पासून आपल्या राज्यातील सेविका-मदतनीस दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 साली निकाल देऊन सांगावे लागले. मोहल्ल्यातील एखादी विधवा भगिनी चार मुले सांभाळून घर चालविते, तिचे महिन्याचे पैसे आपण ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून लांबवितो. मुलाच्या सतराव्या वर्षी शिकवणीची फी आगाऊ भरणारा माणूस तिसऱ्या वर्षी सांभाळणाऱ्या हातांचे पैसे थकवितो, हे कोणत्या न्यायात बसते?

पालकांनी काय पाहावे?

बालवाडी निवडताना रंगीत भिंतींपेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात: पिण्याचे पाणी झाकलेले आहे काय, शौचालय मुलांना वापरता येते काय, मूल रडले तर त्याला कोणी जवळ घेते काय, मारणे किंवा अंधाऱ्या खोलीची भीती दाखविणे चालते काय, मुलांना दिवसातून काही वेळ मोकळ्या जागेत नेले जाते काय, आणि पालक अचानक आला तर त्याला आत येऊ देतात काय. आपली दहा मुले आहेत, पण एकाचाही कधी मुका घेतला नाही, असे अकरा बिन हाबिस यांनी सांगितले, तेव्हा जो दया करीत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले. बालवाडीची पहिली पात्रता दया हीच आहे. घराचीही तीच.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

1. मागील आठवड्यात आपण मुलाला शांत करण्यासाठी किती वेळा खोटे आश्वासन दिले? त्याऐवजी काय सांगता आले असते?
2. आपले मूल बालवाडीत शिकलेली कोणती सवय घरी पाळते, आणि कोणती सवय आपल्यामुळे मोडते?
3. आपल्या घरी मूल मोठ्यांबरोबर बसून दिवसातून किती वेळा जेवते?
4. आपल्या अंगणवाडीच्या ताईंशी आपण शेवटचे कधी बोललो, आणि कशाविषयी?
5. मूल सांभाळणाऱ्या व्यक्तीचे काही देणे आपल्याकडे बाकी आहे काय?

या प्रश्नांपैकी एकाचे जरी उत्तर या आठवड्यात आचरणात उतरले, तरी या लेखाचा हेतू साध्य होईल. अल्लाह आपणा सर्वांना आपल्या मुलांचे दयाळू आणि जागरूक राखणदार बनवो. आमीन.